पवनचक्कीचं पातं किती लांब असावं?

वडूजहून पश्चिमेला गेलं की चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारांवर फिरणाऱ्या पवनचक्क्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांची पाती आणखी लांब का केली नाहीत? पात्याची लांबी दुप्पट केली, तर वारा पकडणारं क्षेत्र चौपट होतं. पण जाडी-रुंदीही त्याच प्रमाणात वाढवली, तर वजन आठपट होतं. ते पेलायला मनोरा, पाया, बेअरिंग सगळंच दणकट लागतं. शिवाय लांबलचक पातं ट्रेलरवर घालून घाटाच्या वळणांतून वर न्यायचं, ही अडचण वेगळीच. म्हणून पाती काचतंतूंची, हलकी करतात.

जनित्राचंही तसंच. मोठं जनित्र जोरदार वाऱ्यात भरपूर वीज देतं. मंद वाऱ्यात मात्र त्याची क्षमता पडून राहते. कारण वाऱ्याचा वेग निम्म्यावर आला, की त्यातली शक्ती आठव्या हिश्शावर येते. शिवाय आपल्याकडे वारा जोर धरतो तो जून ते सप्टेंबरमध्ये. खटाव-माणच्या विहिरींवरच्या मोटारींना वीज लागते ती रब्बीला आणि उन्हाळ्यात. तेव्हा सौर पंप कामाला येतो, पण सूर्य मावळला की तोही थांबतो. म्हणूनच वारा आणि ऊन, दोन्हींची जोड फायद्याची ठरते.