ताटावरची अरबी: शब्द नको, जोड्या पाठ करा

आजचा एपिसोड भाषेचा आहे आणि जेवणाचाही. भूक लागली असेल तर आधी काहीतरी खाऊन घ्या, नाहीतर मध्येच पॉज करावा लागेल.

आपल्याकडे बऱ्याच जणांच्या घरातलं, निदान गल्लीतलं तरी, कुणीतरी आखातात असतं. रत्नागिरी-रायगडवाल्यांना तर हे सांगायलाच नको. माणसं दहा-दहा वर्षं दुबई, दोहा, मस्कतला काढतात, आणि अरबी किती येते? ‘शुक्रन’, ‘मर्हबा’, ‘खलास’. विषय खलास! कारण ऑफिसात इंग्रजी चालतं, दुकानात हिंदी चालते. मी मस्कतला एका प्रोजेक्टवर होतो तेव्हा माझंही कोड, कॉल, मेल सगळं इंग्रजीतच होतं.

पण इंग्रजी एका ठिकाणी थांबतं. जेवायला बसल्यावर. खाली चटई, मध्ये मोठं थाळं, त्यात भाताचा डोंगर, वर मटण, आणि सगळे त्याच थाळ्यातून उजव्या हाताने जेवतायत. तिथे माणूस आपल्या घरच्या भाषेत बोलायला लागतो. त्या वेळी तुम्हाला चार वाक्यं येत असतील तर तुम्ही त्या थाळ्यावरचे. नाहीतर तुम्ही ऑफिसमधून आलेले पाहुणे. एवढाच फरक आहे, पण फार मोठा आहे.

आता ॲपवर अरबी शिकायला घेतली की सफरचंदाला ‘तुफ्फाह’ म्हणतात हे आधी कळतं. पण जेवताना तुम्हाला सफरचंदाचं नाव कोण विचारतंय? जेवणाची अरबी चालते जोड्यांवर. एकाने एक म्हणायचं, दुसऱ्याने त्याचं ठरलेलं उत्तर द्यायचं. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स. उत्तर आलं नाही तर समोरचा ताटकळतो.

पहिला शब्द ‘तफद्दल’. बाईला ‘तफद्दली’, अनेकांना ‘तफद्दलू’. म्हणजे या, बसा, घ्या, सुरू करा. आपल्या ‘या ना, बसा ना’सारखा. दार उघडताना हाच, खुर्ची देताना हाच, ताट पुढे करताना हाच.

मग ‘सहतेन’. लेबनॉन, सीरिया, जॉर्डन, पॅलेस्टाईनकडे कुणी जेवत असेल तर हे म्हणतात. ‘सह्हा’ म्हणजे आरोग्य, ‘सहतेन’ म्हणजे दोन आरोग्यं! अरबीत द्विवचन अजून जिवंत आहे. संस्कृतात होतं, मराठीत उरलं नाही. आपण पंगतीत ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो, ते दुप्पट आरोग्य देतात. यावर उत्तर: ‘अला क़ल्बक’, म्हणजे तुमच्या हृदयावर. इथे नुक्ता सांभाळा हं! क़ घशातून आला तर ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय, आणि आपला साधा क लावला तर ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. सुदैवाने बैरूत, दमास्कसकडचे लोक तो क़ गिळूनच टाकतात आणि ‘अला अल्बक’ म्हणतात. आपणही तेच म्हणावं, सेफ आहे.

इजिप्तमध्ये हीच जोडी वेगळी. ‘बिल्हना वश्शिफा’, म्हणजे आनंदाने आणि प्रकृतीला मानवो. उत्तर: ‘अल्लाह यहन्नीक’. जेवण झाल्यावर रांधणाऱ्या बाईला ‘तिस्लम ईदिक’, तुमचा हात सलामत राहो. आपण म्हणतो ना, ‘तुमच्या हाताला चव आहे’, तसंच.

आता सगळ्यात अवघड काम, नको म्हणणं. पोट भरलं म्हणजे ‘शबआन’, बाई असेल तर ‘शबआना’. सोबत ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणायचं. अरब ख्रिश्चनसुद्धा हा शब्द म्हणतात, त्यामुळे तो नुसता धर्माचा नाही, भाषेचा आहे. पण एकदा नको म्हटलं की सुटका होते असं समजू नका. यजमान ‘वल्लाह’ म्हणून शपथ घालणार, वाढणार. आपल्याकडच्या लग्नात जिलबीचा आग्रह कसा होतो? तेच!

शाकाहारी मंडळींसाठी खास. ‘लहम’ म्हणजे मांस, पण बऱ्याच ठिकाणी त्यात कोंबडी धरत नाहीत. म्हणून यादीच सांगा: ‘ला लहम, ला दजाज, ला समक’. मांस नाही, चिकन नाही, मासे नाहीत. आणि लगेच जोडा, ‘कस्सर अल्लाह खैरक’, देव तुमची भरभराट करो. नकार दिला, पण माणसाला नाही, फक्त पदार्थाला. हे कळणं महत्त्वाचं.

कॉफीला तर शब्दही लागत नाही. आखातात छोट्या ‘फिंजान’मध्ये वेलचीची कॉफी येते, जरा जराशीच. कप रिकामा करून नुसता पुढे धरलात तर परत भरणार. बास म्हणायचं असेल तर कप हलकेच हलवून परत द्यायचा. या कॉफीची परंपरा 2015 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली, सौदी अरेबिया, यूएई, ओमान आणि कतार अशा चौघांच्या नावावर.

आणि शब्द फसवतातही. कैरोत ‘लबन’ मागितलं तर दूध येतं, आखातात ताक. ‘ऐश’चं मूळ जगणं या अर्थाचं. इजिप्तमध्ये ‘ऐश’ म्हणजे भाकरी, आखातात बऱ्याच ठिकाणी भात. ज्याच्यावर आपण जगतो, ते ऐश! 2011 मध्ये कैरोच्या रस्त्यांवर घोषणा होती: ऐश, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. पहिला शब्द भाकरीचा होता, हे लक्षात घ्या.

याच ‘ऐश’चा अजून एक वाक्प्रचार इजिप्तमध्ये आहे, ‘ऐश व मल्ह’. आमच्यात भाकरी आणि मीठ आहे, म्हणजे आता दगा नाही. ओळखीचं वाटलं ना? खाल्ल्या मिठाला जागणं! आपण मराठीत जे म्हणतो, तेच तिकडे म्हणतात. मग तिथे दहा वर्षं मीठ खाऊन त्यांच्या ताटावरचे दोन शब्द शिकायला काय हरकत आहे?

तर या आठवड्याचा होमवर्क: एकच जोडी पाठ करा. तुमचा भाऊ, मामा, मैत्रीण कुणी आखातात असेल तर हा एपिसोड त्यांना फॉरवर्ड करा, आणि त्यांच्याकडे कोणती जोडी चालते ते विचारून मला कळवा. गावागणिक बदलते ती, मलाही शिकायचीय.

चला, जेवायला बसणार असाल तर, सहतेन! उत्तर आता तुम्हाला माहितीये.