गिअर उशिरा का बदलतो?

झांशीच्या तटाला दहा दरवाजे होते. त्यांपैकी लक्ष्मी गेटातून बाहेर पडले, की लक्ष्मी ताल आणि महालक्ष्मीचे मंदिर लागते. एका शुक्रवारी आईला दर्शनाला नेत असता वडिलांच्या जुन्या मोटारीने तेथेच आपली व्यथा प्रकट केली. ही मोटार स्वयंचलित गिअरची. क्लचचे पायदान तिला नाही. इंजिन ओरडू लागले तरी पहिला गिअर सुटेना, आणि अखेर दुसरा पडला तो असा हिसका देऊन, की आईच्या हातातले पूजेचे ताट कलंडले.

एका मेस्त्रींनी उभ्या उभ्या निकाल दिला : गिअरबॉक्स उघडावा लागेल. खर्चाचा आकडा मोटारीच्या किमतीहून मोठा होता. म्हणजे गाडी भंगारात देणे आले. आई काही बोलली नाही. ती मोटार वडिलांच्या मागे राहिलेली होती.

दुसऱ्या दिवशी एका वृद्ध मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी हत्यार उचलण्याआधी दोन प्रश्न विचारले. आवाजाबरोबर वेग वाढतो का? आणि हे केव्हापासून? पहिला प्रश्न मर्माचा आहे. आवाज वाढून वेग वाढत नसेल, तर आतील क्लचच्या चकत्या घसरत आहेत असे समजावे. आमचा वेग वाढत होता. गिअर मात्र उशिरा बदलत होता.

मग त्यांनी गाडी सपाट जागी उभी केली, इंजिन तापवले, दांडा सर्व खुणांतून फिरवून 'पार्क'वर आणला आणि इंजिन चालू ठेवूनच तेलाची मापपट्टी काढली. बहुतेक जुन्या गाड्यांत हीच रीत असते. तरी गाडीची पुस्तिका पाहावी. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि चकत्या घसरतात. आमचे तेल मापात होते, लाल होते, जळका वास नव्हता.

आता दुसरा प्रश्न. महिन्यापूर्वी इंजिनाची किरकोळ दुरुस्ती झाली होती, तेव्हापासूनच हा त्रास. जुन्या गिअरबॉक्सात तेलाचे दोन दाब एकमेकांशी झगडतात : एक गाडीच्या वेगाचा, दुसरा अ‍ॅक्सिलरेटरचा. वेगाचा दाब वरचढ झाला, की गिअर बदलतो. अ‍ॅक्सिलरेटरची खबर नेणारी तार फार ताणलेली असेल, तर गिअर उशिरा आणि हिसक्याने बदलतो. फार सैल असेल, तर लवकर बदलतो आणि चकत्या झिजतात. आमची तार त्या दुरुस्तीत ताणून बसविली गेली होती. मेस्त्रींनी ती मापात आणली आणि तटाच्या कडेने एक फेरी मारली. हिसका गेला.

तेल काळे पडून जळके असते, तर गिअरबॉक्स उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते, हेही त्यांनी सांगितले. सरकारी कचेरीत माझी हयात चालली आहे. तक्रार आली, की सारी व्यवस्था मोडून नवी मांडण्याचा मोह मला ठाऊक आहे. 'हे केव्हापासून?' हा प्रश्न मात्र आम्ही क्वचितच आधी विचारतो.

पुढच्या शुक्रवारी आईचे ताट हातातच राहिले.