रांग कुठे आहे?

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सकाळच्या गटचर्चेत तुमचे सरळ दोन तट पडले. आईवडिलांनी लहानपणी अमेरिकेत नेलेली, कागदपत्रं नसलेली मुलं तिथेच मोठी झाली, तर त्यांना नागरिकत्वाचा मार्ग द्यावा की नाही, हा विषय होता. एक गट म्हणाला, मुलांचा काय दोष? दुसरा म्हणाला, मग नियमाने रांगेत उभं राहणाऱ्यांनी काय करायचं? मी मागे बसून ऐकत होते. तिथे रांग आहे, हे दोन्ही गटांनी धरूनच चाललं होतं. त्या रांगेपासूनच सुरुवात करू. पण तिच्यापर्यंत पोहोचायला आधी एका शाळेतून जावं लागेल.

टेक्सास राज्याने १९७५ मध्ये कायदा केला की, कागदपत्रं नसलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी राज्य पैसे देणार नाही आणि शाळांनी त्यांना प्रवेश नाकारला तरी चालेल. टायलर नावाच्या गावातल्या शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला हजार डॉलर मागायला सुरुवात केली. शेतात, कारखान्यात राबणारी ही मेक्सिकन कुटुंबं, हजार डॉलर आणणार कुठून? काही पालक न्यायालयात गेले. खरी नावं दिली तर उचलून सीमेपार टाकतील, म्हणून खटला टोपणनावांनी लढवला. न्यायाधीशांनी सुनावणी पहाटे ठेवली, कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. पालक गाडीत सामान भरूनच आले होते. परत घरी जाता येईल याची त्यांना खात्री नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने १५ जून १९८२ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: शाळेचं दार बंद करता येणार नाही. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी आधार घेतला तो चौदाव्या घटनादुरुस्तीतल्या एका शब्दाचा. कायद्याचं समान संरक्षण तिथे ‘नागरिका’ला दिलेलं नाही, ‘व्यक्ती’ला दिलेलं आहे. आपल्या संविधानाचा अनुच्छेद १४ काढून बघा, तिथेही ‘व्यक्ती’च आहे. अनुच्छेद २१ मध्येही. अनुच्छेद १९ मात्र नागरिकांपुरता. हा फरक पाठ करून ठेवा, वकील व्हा अगर होऊ नका.

म्हणजे मूल शाळेत जातं, वर्गमित्रांबरोबर राष्ट्रध्वजाची शपथ म्हणतं, बेसबॉल खेळतं. अनेकांना आपल्याकडे कागद नाहीत हे माहीतही नसतं. होजे अँटोनियो व्हर्गास हा पुलित्झर मिळवलेला पत्रकार बाराव्या वर्षी फिलिपिन्समधून आजी-आजोबांकडे आला. सोळाव्या वर्षी गाडीचा परवाना काढायला गेला, तेव्हा खिडकीवरच्या बाईने त्याला सांगितलं की त्याचं ग्रीन कार्ड खोटं आहे. ते त्याने २०११ मध्ये जाहीरपणे लिहिलं. शाळेने त्याला अमेरिकन केलं, पण शाळेच्या फाटकाबाहेर कायदा त्याला ओळखतच नव्हता.

आता ती रांग. ‘परत जा, रीतसर अर्ज कर आणि नियमाने ये’, हा सल्ला ऐकायला रास्त वाटतो. पण १९९६च्या कायद्यानुसार, एक वर्ष किंवा अधिक काळ बेकायदा राहून देशाबाहेर पडलात, तर दहा वर्षं परत येता येत नाही. अठरा वर्षांखालचे दिवस यात मोजत नाहीत. मुलाचा दोष नाही, हे कायद्यालाही मान्य आहे! पण अठराव्या वाढदिवसापासून मोजणी सुरू होते. एकोणिसावं पूर्ण झालं की बाहेर जाऊन रांगेत उभं राहणं म्हणजे दहा वर्षांची हद्दपारी स्वतःच्या हाताने ओढवून घेणं. आणि परत यायचं तर जवळचा नातेवाईक नागरिक हवा किंवा अर्ज करणारा मालक हवा. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याच्यासाठी रांगच नाही. ती लांब असती तर निदान थांबता तरी आलं असतं.

ती तयार करायचा प्रयत्न २००१ पासून चालू आहे. डेमोक्रॅट डर्बिन आणि रिपब्लिकन हॅच या दोन सिनेटरांनी ‘ड्रीम’ कायदा मांडला, म्हणून या मुलांना ‘ड्रीमर्स’ म्हणतात. डिसेंबर २०१० मध्ये विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर झालं. सिनेटमध्ये ५५ मतं बाजूने पडली, पण चर्चा संपवून मतदान घ्यायला ६० लागतात. बहुमत असूनही विधेयक पडलं. मग १५ जून २०१२ रोजी ओबामांनी प्रशासकीय आदेशाने तात्पुरती सोय केली. तिचा उच्चार ‘डाका’. मराठीत त्याचा काय अर्थ होतो ते तुम्हाला माहीत आहे, आणि विरोधकांचं मतही साधारण तेच होतं. दोन वर्षांचं अभय, काम करायचा परवाना, मग पुन्हा नूतनीकरण. आठ लाखांहून अधिक तरुणांनी ते घेतलं. ट्रम्प सरकारने २०१७ मध्ये ते रद्द करायचं ठरवलं, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच-चारने ते वाचवलं, तेही रद्द करण्याची पद्धत चुकीची होती एवढ्याच कारणावर. जुलै २०२१ पासून टेक्सासमधल्या न्यायालयाच्या आदेशामुळे नवे अर्ज मंजूर होणं थांबलं. शिवाय मूळ अट अशी की १५ जून २००७ पासून सलग अमेरिकेत राहिलेलं असलं पाहिजे. त्या दिवशी जन्मलेलं मूलसुद्धा आता अठराच्या पुढे गेलं आहे.

विरोधकांचं म्हणणं फेकून देण्यासारखं नाही. १९८६ मध्ये रेगन यांच्या काळात साधारण २७ लाख लोकांना कायदेशीर केलं गेलं. त्या बदल्यात कागदाविना कामाला ठेवणाऱ्या मालकांवर कारवाई होणार होती. ती नीट झालीच नाही, आणि पुढच्या वीस वर्षांत अशा लोकांची संख्या एक कोटीच्या वर गेली. तेव्हा ‘आज माफी दिलीत तर उद्या आणखी येतील’ म्हणणाऱ्याच्या हातात निदान एक अनुभव आहे. माझं उत्तर एवढंच की त्या अपयशात मालक होते, सरकार होतं. बाबागाडीतून आलेलं मूल त्यात कुठे बसतं?

दुसरा आक्षेप आपल्या घरातला आहे. माझी मावसबहीण मूळची चिपळूणची, नवऱ्याच्या नोकरीमुळे न्यू जर्सीत. रीतसर व्हिसा, रीतसर कर, रीतसर अर्ज. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाचा वाटा साधारण सात टक्क्यांपुरता मर्यादित आहे, म्हणून भारतीयांची रांग अनेक दशकांची. तिची मुलगी चार वर्षांची असताना तिथे गेली आणि एकविसाव्या वर्षी आईवडिलांच्या व्हिसावरून उतरली. आता विद्यार्थी व्हिसावर आहे, शिक्षण संपलं की पुढे काय, माहीत नाही. आपा फोनवर चिडून म्हणते, “आम्ही नियम पाळले म्हणून आमचीच पोर मूर्ख ठरली का?” तिला मी काय सांगणार? डाकासाठी १५ जून २०१२ रोजी कागद नसणं ही अट होती, त्यामुळे तेव्हा तिथे व्हिसावर राहणारी मुलं त्यातून बाहेरच राहिली. अशा मुलांची संख्या दोन लाखांच्या वर असल्याचा अंदाज आहे आणि त्यांत भारतीय सर्वाधिक. मार्च २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहाने मंजूर केलेल्या विधेयकात दोन्ही प्रकारची मुलं एकत्र घेतली होती. सिनेटमध्ये ते पुढे सरकलं नाही. पण दिशा ती बरोबर होती. आपाच्या मुलीची आणि टायलरच्या मुलाची भांडणं लावून द्यायचं काहीच कारण नाही.

ड्रीमर्सच्या बाजूने बोलणारे दोन युक्तिवाद करतात, आणि मला दोन्ही अपुरे वाटतात. पहिला, ‘ती निष्पाप आहेत’. मग दोषी कोण? आईवडील. मुलाला वाचवताना त्याच्या आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं. दुसरा, ‘ती हुशार आहेत, डॉक्टर झालीत, सैन्यात गेलीत’. मग जो साधा प्लंबर झाला, त्याने कुठे जायचं? माणसाने मेडल दाखवून हक्क मागायचे, ही सवय आपल्याही लोकांना लागली आहे. कोणी मुसलमानांबद्दल वाईट बोललं की आपण लगेच कलामसाहेबांचं नाव घेतो.

माझा युक्तिवाद साधा आहे, काळाचा. माणूस जिथे वाढला, जिथली भाषा त्याच्या स्वप्नांत येते, तिथला तो झाला. गंमत अशी की ही कल्पना अमेरिकन कायद्यात १९२९ पासून आहे. अमुक तारखेच्या आधीपासून राहणाऱ्याला कायम वास्तव्याची नोंद मिळते. ती तारीख वेळोवेळी पुढे सरकवली गेली. शेवटची १९८६ मध्ये, १ जानेवारी १९७२ वर. तिथेच ती गोठली. ती पुढे सरकवली तर नवी रांगसुद्धा बांधावी लागणार नाही.

आता आपल्याकडे या. एक घोळ आधी टाळा. तुमच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’चं स्पेलिंग वेगळं आहे म्हणून तुम्ही ड्रीमर होत नाही. तुम्ही नागरिक आहात, आणि तुमचा प्रश्न पुराव्याचा आहे. तो वेगळा ठेवा. पण आपला कायदा लहान मुलांशी कसा वागतो? २००३च्या दुरुस्तीने ‘अवैध स्थलांतरित’ ही व्याख्या आली, आणि त्या व्याख्येत बसणाऱ्याला नोंदणीचा वा देशीयकरणाचा मार्ग बंद झाला. कडेवरून आलेल्या बाळाला त्यात सूट नाही. ३ डिसेंबर २००४ पासून इथेच जन्मलेल्या मुलाचीही आई किंवा वडील अवैध ठरले, तर ते मूल जन्माने नागरिक नाही. २०१९च्या कायद्याने हे दार तीन देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी उघडलं, ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख घालून.

ऑगस्ट क्रांती मैदानावर मीही होते. आपला विरोध धर्माच्या अटीला होता आणि आहे. पण नागपूरच्या जरीपटक्यात सिंधमधून आलेल्या हिंदू कुटुंबातल्या मुलीला नागरिकत्व मिळालं, तर मला आनंदच आहे. ती तिथेच शिकली, तिथलीच झाली. तिच्याबद्दल तोंड वाकडं करून आपल्याला ड्रीमर्सची बाजू मांडता येणार नाही. आणि जम्मूच्या किंवा दिल्लीच्या झोपडीत वाढलेलं रोहिंग्या मूल इथल्या शाळेत हिंदी शिकलं असेल, तर त्याच्यासाठीही हीच पट्टी लावावी लागेल. चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१चं संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे, असं म्हटलं होतं. जगण्याचा हक्क त्या मुलाकडे आहे. मोठा झाल्यावर अर्ज कुठे करायचा, तो नमुना मात्र छापलेलाच नाही.

आईवडिलांचं काय, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच आहे. विचारा, माईक मागे पाठवते.