पाटी, चित्र आणि आपला किनारा

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. पाट्या रंगवणारा माणूस. आधी हातात ब्रश होता, मग कॉम्प्युटर आला, आणि आता माझ्या कामाला पोरं ग्राफिक डिझाइन म्हणतात. समितीनं पर्यावरणावर बोला म्हटलं. त्या विषयातला माझा अभ्यास म्हणजे माझ्या हातून झालेली एक चूक. तीच आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाचं काम आलं. किनाऱ्यावर प्लास्टिक टाकू नका, असे चाळीस फलक. मी छान निळा समुद्र केला, मधोमध हसरं कासव, खाली बारीक अक्षरात दहा सूचना. फलक लागल्यावर मासे विकणारी आमच्याकडची एक मावशी म्हणाली, "बाबू, कासव तर खुशीत दिसतंय. मग तक्रार कसली?" मी गप्प. पुढच्या पावसात त्यातलाच एक फलक पऱ्यात अडकलेला मी स्वतः ओढून काढला. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकच की! प्लास्टिक टाकू नका हे सांगायला मीच चाळीस तुकडे प्लास्टिक किनाऱ्यावर टांगलं होतं.

वास्तविक खुणेनं सांगणं आपल्याला नवं नाही. सुरुवातीच्या बौद्ध शिल्पांत बुद्धांची मूर्ती नसे. धम्मचक्र, बोधिवृक्ष, पावलांचे ठसे, एवढ्यावर अक्षरओळख नसलेला माणूसही समजून घेई. सम्राट अशोकांनी लेख कोरवले ते लोकांना कळणाऱ्या प्राकृतात, आणि वायव्येकडे ग्रीक व अरामाइकमध्ये. कारण तिथली माणसं ती भाषा वाचत. आपल्या कोकणात अशा लेखांचे तुकडे सोपाऱ्याला सापडले. पाचव्या स्तंभलेखात तर मारू नयेत अशा प्राण्यांची यादीच आहे, आणि तीत कासव आहे. विनाकारण जंगल जाळू नये, हेही त्यात आहे. उन्हाळ्यात सड्यावर लागलेला वणवा बघितला की वाटतं, तो लेख इथल्या कातळावरही हवा होता.

कासवाचं म्हणाल तर वेळास बघा. आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. पूर्वी तिथली अंडी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि २००६ साली कासव महोत्सव सुरू झाला. एका घरट्यात शंभरेक अंडी, पिल्लं साधारण पन्नास दिवसांनी बाहेर येतात. ती समुद्रात जाताना पाहायला लोक येऊ लागले, गावातल्या घरांत उतरू लागले, दोन पैसे मिळू लागले. यातून मी माझ्या धंद्यापुरतं एवढं शिकलो की 'पर्यावरण वाचवा' असं लिहिलं म्हणजे कोणालाच काही सांगितलं नाही. एक प्राणी, एक किनारा, एक काम सांगावं.

मग मी दुसरं चित्र केलं. पाण्यात तरंगणारी पिशवी, जेलीफिशसारखी दिसणारी, आणि तिच्याकडे तोंड वासून येणारं कासव. कासवं जेलीफिश खातात आणि पिशवीला फसतात. खाली मोठ्या अक्षरात: पिशवी घरी परत न्या. मावशीला दाखवलं. म्हणाली, "हे कळलं. पण घरी नेऊन करू काय?" त्याचं उत्तर चित्रात नसतं, कचऱ्याच्या गाडीत असतं.

बाटलीच्या बुडाशी बाणांचा त्रिकोण असतो, तोही जरा नीट बघा. पुनर्वापराचं ते चिन्ह १९७० साली अमेरिकेत गॅरी अँडरसन नावाच्या विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढलं. १९८८ पासून तसाच त्रिकोण आत आकडा घालून प्लास्टिकवर येऊ लागला. आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. ते पुन्हा वापरलं जाईलच, ही हमी नव्हे. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं, ३ म्हणजे पीव्हीसी, माझा फ्लेक्स.

आता जे बोलतो त्याचं वाईट वाटून घेऊ नका. १४ एप्रिलला आपण बाबासाहेबांचे फलक लावतो. छापणारा मीच. जून आला की तेच फलक कुणाच्या लाकडांवर, कुणाच्या खुराड्यावर असतात. जाळावे तर धूर विषारी, फेकावे तर त्या चेहऱ्यावर पाय पडतो. हे मला दरवर्षी दिसतं आणि दरवर्षी मी बिल करतो.

म्हणून माझं म्हणणं, मांजरपाटावर रंगवलेला एकच मोठा फलक करू. सालाची पट्टी वेगळी, तेवढीच बदलायची. कोकणच्या पावसात कापड टिकत नाही, कबूल. पण जयंती एप्रिलात असते, नंतर घडी करून कपाटात. कायमची पाटी हवी तिथे चिऱ्याच्या भिंतीला गिलावा करून रंगवू. रंग म्हणजे काही साधं पाणी नव्हे, पण भिंतीवरची पाटी उडून पऱ्यात जात नाही. यात माझं उत्पन्न घटणार, हे घरी अजून सांगितलेलं नाही.

माझ्या मागे लावलेला आजचा फलकही फ्लेक्सच आहे. मीच छापलाय. कापड मात्र आणून ठेवलंय. येत्या रविवारी दुपारी मुलांना विहारात पाठवा, अंगात जुने कपडे घालून. ऑईलपेंट धुऊन निघत नाही.

जय भीम.