दोन इंजिने आणि सायकलचा पंप



पेट्रोल आणि डिझेल ही दोन्ही खनिज तेलाचीच अपत्ये. परंतु त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. पेट्रोलच्या इंजिनात हवा व इंधनाची वाफ यांचे मिश्रण ठिणगीने पेटविले जाते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तेथे केवळ हवा मूळ आकारमानाच्या पंधरा-विसाव्या हिश्शात दाबली जाते व ती इतकी तापते की, फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीत हे सिद्ध करून दाखविले.

वर्गात सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून तो वेगाने चालवावा. तापलेले टोक मुलांना हेच तत्त्व शिकवील. पेट्रोल मात्र वर्गात कदापि आणू नये. त्याची वाफ कडाक्याच्या थंडीतही ठिणगीसरशी भडकते. ज्ञानासाठी एकाही बालकाचा हात भाजता कामा नये.