भाकरी-पिठलें आणि वरण-भात

पाहुणा दारीं आला म्हणजे आपल्याकडे भाताचें आधण चढतें. घरचींच माणसें असलीं म्हणजे भाकरी थापली जाते. अन्नाची प्रतवारी आपण अशी मानापानावरून ठरवून टाकली आहे. आज ती तागडींत घालून पाहूं.

दोन ताटें घ्या. एकांत १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी आणि ३० ग्रॅम बेसनाचें पिठलें. दुसऱ्यांत तितक्याच वजनाच्या, गिरणींत सडलेल्या पांढऱ्या तांदुळाचा भात आणि ३० ग्रॅम तुरीच्या डाळीचें वरण. उष्मांक दोहोंकडे जवळजवळ सारखे. प्रथिनें ज्वारींतून सुमारें १० ग्रॅम, तांदुळांतून ८, आणि डाळींतून दोन्हीकडे सहाएक. म्हणजे फरक फार तर दोन ग्रॅमांचा! खरा फरक आहे तो पुढें. ज्वारींत लोह सुमारें ४ मिलिग्रॅम, पांढऱ्या तांदुळांत एकही नाहीं. चोथा तिच्यांत तिपटीहून अधिक. तांदूळ सडतांना कोंडा जातो आणि त्याबरोबर 'ब-१' जीवनसत्त्वहि जातें. जावा बेटांत १८९० च्या सुमारास डॉ. आइकमान यांनीं सडलेल्या तांदुळावर वाढवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडलेले पाहिले. असडी तांदूळ मिळतांच त्या पुन्हां हिंडूं लागल्या. याच शोधाबद्दल १९२९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

परंतु भाताचा कैवार घेणाऱ्यांनीं इतक्यांत नाराज होऊं नये. कोंकणांत त्याच भाताशेजारीं माशाचें कालवण येतें, तेव्हां तें ताट कोणाहि भाकरीला हार जाणार नाहीं.

धान्याच्या प्रथिनांत लायसीन नांवाचें द्रव्य तोकडें असतें, तें डाळ पुरवते. डाळींतली उणीव धान्य भरून काढतें. तेव्हां पिठलें किंवा वरण हें नुसतें तोंडीं लावणें नव्हे. वरणांत पाणी वाढलें कीं ताट भरलेलें दिसतें, पण डाळ तेवढीच राहते, आणि माणशीं वांटणी उतरत जाते.

आतां हीं आंकडेवारी सांगण्याचें कारण. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचें आढळलें. महाराष्ट्रहि त्याला अपवाद नाहीं. रक्तक्षयाचीं कारणें अनेक. त्यांतलें एक ताटांत आहे. अनेक घरीं शेवटीं जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला येते ती भाकरी आणि कढईची खरवड. तिचें धान्य भरतें, डाळ भरत नाहीं. शिवाय भाकरींतलें सगळें लोह शरीर घेतहि नाहीं. लिंबू पिळल्यानें तें अधिक घेतलें जातें, आणि जेवणावर लगेच घेतलेल्या चहानें कमी. म्हणून पिठलें उतरवतांच पंगत वाढण्यापूर्वीं तिची वाटी बाजूला काढावी, शेजारीं लिंबाची फोड ठेवावी, आणि चहाचें आधण तासाभरानें टाकावें.