देवाचे राज्य आणि दिवसाची मजुरी



ज्याचे आयुष्य कारखान्यांच्या गेटांवर पत्रके वाटण्यात गेले, त्याने ख्रिस्ती धर्मातील ‘देवाचे राज्य’ या विषयावर बोलावे, याचे काहींस नवल वाटेल. आम्ही ख्रिस्ती नाही, आणि पंडित तर मुळीच नाही. परंतु नवा करार आम्ही पुष्कळदा वाचला आहे. त्यातील येशू शेतमजूर, कर्जदार, कारभारी यांच्याविषयी इतके बोलतो की हा विषय केवळ धर्मोपदेशकांवर सोपवून मोकळे व्हावे, असे आम्हांस वाटत नाही.

आधी ‘राज्य’ या शब्दाकडे पाहू. मूळ ग्रीक शब्द ‘बासिलेइया’. त्याचा अर्थ मुलूख असा होतो, तसाच राजवट असाही होतो. मराठवाड्यातील माणसाला हा फरक फोड करून सांगावा लागू नये. १९४८ सालच्या सप्टेंबरात निजामी राजवट कोसळली, तेव्हा खाम नदी जागची हलली नाही की दौलताबादचा किल्ला हलला नाही. हुकूम कोणाचा चालायचा, तेवढे बदलले. येशूच्या बोलण्यातले राज्य बहुतेक ठिकाणी या दुसऱ्या अर्थाचे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याला ‘स्वर्गाचे राज्य’ म्हटले आहे, आणि ज्यू लोक देवाचे नाव उच्चारणे टाळीत म्हणून तसे म्हटले, असे अनेक अभ्यासक मानतात. या शब्दामुळे मेल्यानंतर जाण्याचे एक ठिकाण असा समज सर्वत्र पसरला. पण येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, तिची दिशा उलटी आहे. आम्हांला तिकडे ने, असे तीत मागितलेले नाही. तुझे राज्य इकडे येऊ दे, असे मागितले आहे. आणि त्याच दमात आजच्या भाकरीचीही मागणी आहे.

हे राज्य कधी येणार, यावर विद्वानांत मोठा वाद आहे. येशूला जगाचा अंत अगदी जवळ आला आहे असे वाटत होते, असे श्वाइट्झर यांनी १९०६ साली मांडले. ते राज्य येशूच्या कार्यातच येऊन ठेपले होते, असे डॉड यांनी १९३५ साली मांडले. आज पुष्कळसे ख्रिस्ती विचारवंत आले आहे आणि अजून यायचेही आहे, असे दोन्ही म्हणतात. चळवळीत काम करणाऱ्यास हे विचित्र वाटणार नाही.

आपल्या भागात या कल्पनेला जमिनीवर उतरविण्याचा एक प्रयत्न झाला होता. १८४३ साली मुंबईस ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. बेथेल म्हणजे हिब्रू भाषेत देवाचे घर. जमीन मिळाली ती हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून. देवाचे राज्य निजामाच्या सनदेवर, असे कोणी थट्टेने म्हणेल. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर राहावे लागले, अशा माणसांना तेथे गावात घर मिळाले. थट्टा करण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे.

दुसरा प्रयत्न रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ साली टिळक वारले आणि तो दरबार फार दिवस टिकला नाही. ‘दरबार’ हा शब्द त्यांनी मोठा सुरेख योजिला. गरीब माणूस आपले गाऱ्हाणे घेऊन जेथे जाऊ शकतो, ती ही जागा. आमची हरकत एवढीच की दरबारात मानाच्या जागा ठरलेल्या असतात. येशूने सांगितलेल्या एका दाखल्यात नेमकी ही ठरलेली ओळच मोडली आहे. आम्हांस खरे बोलायचे आहे ते त्या दाखल्याविषयी.

एका द्राक्षमळ्याचा मालक पहाटे चौकात जाऊन मजूर आणतो. दिवसाचा एक दिनार ठरतो. तेव्हाची ती रोजची मजुरी होती. नऊला, बाराला, तीनला तो पुन्हा जातो आणि आणखी माणसे आणतो. पाच वाजता जातो तरी काही जण तेथे उभेच असतात. रिकामे का उभे आहात, असे विचारल्यावर ते सांगतात की आम्हांला कोणी नेलेच नाही. संध्याकाळी मजुरी वाटताना मालक कारभाऱ्याला शेवटच्यापासून सुरुवात करावयास सांगतो. तासभर राबलेल्यांनाही पुरा दिनार! दिवसभर उन्हात राबलेल्यांना वाटते, आपणास जास्त मिळेल. त्यांनाही दिनारच मिळतो, आणि ते कुरकुरू लागतात.

पगाराची रांग ज्याने पाहिली आहे, त्याच्या येथे एक गोष्ट लक्षात येईल. पहिल्यांना आधी पैसे दिले असते तर ते खुशीत घरी गेले असते आणि तंटा झालाच नसता. रांग उलटी लावली आहे ती त्यांनी पाहावे म्हणूनच.

हा दाखला आम्ही एकदा गेट मीटिंगमध्ये कायम कामगारांना सांगितला. ते एकमुखाने म्हणाले, हा अन्याय आहे. एकाने विचारले, “मग उद्या पहाटे कामावर येईल कोण?” तोच दाखला शहागंजच्या मजूर अड्ड्यावर सांगितला. तेथे एक बाई म्हणाल्या, “पाचपर्यंत उभं कोण राहतं? ज्याच्या घरी चूल पेटायची राहिलीय तोच.” आम्ही वाचलेल्या टीकाग्रंथांत शेवटचे मजूर म्हणजे उशिरा पश्चात्ताप करणारे पापी, असा अर्थ दिलेला आहे. तो चूक नव्हे. पण ते आळशी नव्हते, दिवसभर उभे होते, हे त्या बाईंनी एका वाक्यात दाखविले. अड्ड्यावर धडधाकट गडी आधी उचलले जातात. म्हातारा, किडकिडीत पोर आणि तान्हे मूल कडेवर असलेली बाई मागे उरते.

तरी आमचे भांडण संपत नाही. समान कामाला समान वेतन, ही आमची जुनी मागणी. येथे तर असमान कामाला समान भाकर आहे. शिवाय मालक म्हणतो की पैसा माझा आहे, मी हवा तसा देईन. हे वाक्य आम्ही वाटाघाटींच्या टेबलावर फार वेळा ऐकले आहे, आणि ते दर वेळी कमी देण्यासाठी वापरलेले ऐकले आहे. ज्याची मजुरी मालकाच्या उदारपणावर अवलंबून, त्याचे उद्या काय? आमच्या एका ख्रिस्ती मित्राने यावर असे उत्तर दिले की दाखल्यातला मालक म्हणजे देव, गिरणीवाला नव्हे. शिवाय मजुराचे पैसे सूर्य मावळण्यापूर्वी द्यावेत हा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक मालकही पाळतोच. म्हणजे येथे कृपा हक्काच्या वर येते, हक्काच्या जागी येत नाही. हे उत्तर आम्हांस निम्मे पटले आहे.

याच दाखल्यातील शब्द घेऊन इंग्लंडात रस्किनने १८६० साली आपल्या अर्थशास्त्रीय निबंधांना नाव दिले. १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात गांधीजींनी ते पुस्तक वाचले आणि १९०८ साली त्याचा गुजराती सारांश ‘सर्वोदय’ या नावाने दिला. हा शब्द पुढे विनोबांनी गावोगाव नेला. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा खडी फोडायला रस्त्यावर उतरला, त्यानंतर वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेला १९७७ साली महाराष्ट्रात कायद्याचे रूप आले. काम मागणाऱ्या प्रौढास काम द्यावे लागेल, असे सरकारने स्वतःला बांधून घेतले. मालकाची ती पाच वाजताची फेरी येथे कायद्यात आली, असे आम्ही मानतो. सूर्यास्तापूर्वी पैसे देण्याचे कलम मात्र राहून गेले; रोजगार हमीच्या मजुरांना त्याचा अनुभव आहे.

उद्या पहाटे कोण येईल, या प्रश्नाचे उत्तर दाखल्यात नाही. मालक कुरकुरणाऱ्यालाच उलट एक प्रश्न विचारतो, आणि त्यावर तो काय म्हणाला हे सांगितलेले नाही. वेतनकराराची वेळ आली की आमच्या बैठकीत एक विषय हटकून निघतो: त्याच यंत्रावर, त्याच पाळीत, कमी पैशांत राबणाऱ्या कंत्राटी मजुरांसाठी कायम कामगारांनी आपल्या वाढीतले काही सोडावे की नाही. त्या बैठकीत आम्ही हा दाखला सांगतो. मग मतदान घेतो. मते अजून निम्मी निम्मी पडतात.